पोट स्वतःला का खात नाही

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. दूधवाला माप ओतत असताना मी भांड्याकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघते. भाजीवाल्याने आपणहून एखादी जुडी पुढे केली की मी हमखास तिच्या शेजारची उचलते. नवरा म्हणतो, तू शाळेत चुकून आलीस, तुझी जागा पोलीस चौकीत होती. सासरी मला माझ्या पाठीमागे फौजदारीण म्हणतात. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी दाराआडून ऐकलेलं आहे.

नगरमधल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा धडा दरवर्षी येतो. जठरात तीव्र आम्ल असतं, ते अन्नातले जंतू मारतं, प्रथिनं फोडायला मदत करतं. जठराच्या आतून चिकट थर असतो आणि तो जठराचं या आम्लापासून रक्षण करतो. मुलं हे पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, मी बरोबरची खूण करते. पण खरं सांगायचं तर हे वाक्य मला स्वतःलाच कधी पटलेलं नव्हतं.

त्याचं कारण वजडी. बकऱ्याचं पोट आणि आतडी आमच्याकडे आवडीने खातात, आणि लहानपणी आई ती साफ करायला बसली की मी तिच्यासमोर ठाण मांडायचे. कढत पाणी ओतून, चुना चोळून, बोथट सुरीने ती आतला बुळबुळीत थर खरवडत राहायची. वजडी हातातून निसटायची, आई शिव्या घालत ती पुन्हा धरायची. पुढे मी विज्ञान शिकले तेव्हा मला प्रश्न पडला. बकऱ्याचं पोट आपल्या पोटात गेलं की विरघळतं. मग आपलं का विरघळत नाही? मांस ते मांसच. एका बुळबुळीत थराच्या भरवशावर कुणी एवढं आम्ल घरात ठेवतं का? मी तर फिनेलची बाटलीसुद्धा स्वयंपाकघरात ठेवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली. शेवगावकडच्या आमच्या गावात भाऊ आणि वहिनी राहतात. त्यांनी जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं होतं, म्हणून स्लॅब पडेपर्यंत आई माझ्याकडे, असं ठरलं. स्लॅब पडला, गिलावा झाला, रंगसुद्धा लागला, तरी मी आईला पाठवलं नाही. भावाचा फोन आला की मी म्हणायची, अजून रंगाचा वास असेल, तिला सोसणार नाही.

खरं कारण वहिनी होती. वहिनी कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. जमिनीचा तुकडा अजून आईच्या नावावर आहे. भाऊ देवमाणूस, म्हणजे कुणीही गुंडाळावा असा. आईचे गुडघे खुरपण्यात आणि कापूस वेचण्यात गेलेले, पण त्या घरात तिची कुणी विचारपूस करत असेल असं मला वाटत नव्हतं. आई इथे आली तेव्हा तिची मानेची हाडं दिसत होती. मी मनाशी म्हटलं, बघा, उपाशी ठेवतात.

थंडीच्या दिवसांत वहिनी तिला भेटायला आली. शेंगा आणल्या, मटकी आणली, आणि मी चहा टाकायला आत गेल्यावर तिने आईच्या पिशवीत काहीतरी सरकवलं. मी ओट्याजवळूनच बघितलं. ती गेल्यावर पिशवी उघडली तर एक प्लास्टिकची डबी, आत राखाडी चूर्ण, डबीवर नाव नाही, गाव नाही. मी लगेच वहिनीला फोन लावला.

"गुडघ्याचं चूर्न हाय, ताई," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी एक गाडीवाला येतो, त्याच्याकडचं. आत्याबाईंनीच आनायला सांगितलं हुतं."

आमच्या गावी सासूला आत्याबाई म्हणतात. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "व्हय, मीच सांगितलं. लई गुन येतो त्याचा." आई कुणाला सांभाळून घेतेय हे मला कळत होतं, म्हणजे तेव्हा तसं वाटत होतं.

आणि गुण आला. आठवडा होतो न होतो तोच आई भिंतीला न धरता उठायला लागली. जे औषध इतक्या झपाट्याने लागू पडतं त्याच्यावर माझा विश्वास नसतो, तरी मी पाहत राहिले. मी शाळेतून यायच्या आत आई फरशी पुसून ठेवायची. घरात मशीन असताना कपडे हाताने धुवायची. ज्वारी निवडायची, देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेली बुद्धमूर्ती लख्ख करायची, माठ घासायची. तिचा चेहरा भरला, गाल वर आले. माझी शेजारीण म्हणाली, लेकीकडे आल्यापासून आजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी भावाला मुद्दाम फोन करून सांगितलं, आणि वहिनीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

त्याच सुमारास एका मोकाट गाईने माझ्या फाटकाचा नाद धरला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती येऊन फाटकातून आत मान घालायची. माझी जास्वंद ओरबाडणारी हीच, याबद्दल मला शंका नव्हती. मी बादलीभर पाणी फेकून तिला हाकलायची. आई म्हणायची, "राहू दे गं, मुकं जनावर हाय."

मग आई पोट दाबून बसायला लागली. विचारलं की म्हणायची, गॅस धरलाय. चहा बिनदुधाचा घ्यायची. चूर्णाबद्दल माझा संशय उफाळून आला. मी डबी आणून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. वर हिरड्याची तुरट चव होती आणि खाली एक वेगळाच कडूपणा, औषधाच्या गोळीचा. मी डबी कचऱ्यात टाकली. महिन्याने गादी उन्हात टाकताना उशीच्या अभ्र्यात दुसरी डबी सापडली.

तेव्हा मात्र मी वहिनीला फोनवर सोडलं नाही. "माझ्या आईच्या पोटात काय घालताय तुम्ही? जमिनीसाठी जीव घ्यायचाय का तिचा?" असं सरळ विचारलं. वहिनी म्हणाली, "ताई, डबी त्याच मागतात. मी न्हाई म्हनलं तर गावच्या कुनाच्याबी हाती मागवतात. का लागते ते आत्याबाईंना इचारा." आणि तिने फोन ठेवला. फोन ठेवला म्हणजे चोर आहे, असा मी निकाल लावून टाकला.

मार्चमधल्या एका सकाळी आई न्हाणीघरात पडली. मी दार ढकललं तर तिला उलटी झालेली, काळपट तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी. तिचे हात गार पडले होते. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती पुटपुटत होती की पाव्हण्यांचा डबा भरायचा राहिला. पाव्हणे म्हणजे माझा नवरा. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या जावयाचा डबा भरायचं काम तिने स्वतःकडे ओढून घेतलं होतं.

दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं. जठरात जखम होती आणि ती वाहत होती. दुर्बिणीतूनच रक्त थांबवलं, बाटल्या चढवल्या. डॉक्टर बाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी सांगितलं की पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे आहेत. पुन्हा रक्त सुटलं तर ऑपरेशन, आणि या वयात, एवढं रक्त गेलेलं असताना, ते झेपेलच असं सांगता येणार नाही. कित्येक दिवस संडास डांबरासारखी काळी होत असणार, कुणाला सांगितलं नाही का, असं त्यांनी विचारलं. आईने कुणाला सांगितलं नव्हतं.

मी पर्समधून दुसरी डबी काढून आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवली. पुरावा म्हणून मी ती जपून ठेवली होती. त्यांनी उघडून पाहिली आणि मान हलवली. "यात नक्की काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण अशा चूर्णांत दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, कधी स्टिरॉइडही. यांचा चेहरा भरलाय ना, ती सूज आहे."

मूठभर मांस म्हणून मी ज्याची फुशारकी मारली ती सूज होती. मला तिथूनच उठून गावी जाऊन वहिनीला गाठावंसं वाटलं. पण आधी मी माझा जुना प्रश्न विचारला, कारण आता तो माझ्या आईचा प्रश्न झाला होता. पोटात आम्ल कायमच असतं, मग ते पोटाला आधी का खात नव्हतं आणि आता का खाल्लं?

बाईंनी कागदावर आकृती काढली नाही हे त्यांचे उपकार. ती आकृती मी आयुष्यभर काढत आले आहे. त्या म्हणाल्या, "तो थर एकदा बसवला आणि झालं, असं नसतं. जठर तो सारखा नवा करत असतं. थराच्या आत खायच्या सोड्याच्या जातीचा क्षार सोडत असतं, म्हणून आम्ल भिंतीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर संपतो. तरी भिंतीवरच्या पेशी झिजतात. मग काही दिवसांत त्या जागी नव्या येतात. रोज मोडतं आणि रोज बांधतं, म्हणून टिकतं. आता हे बांधकाम चालू ठेव असा निरोप शरीरातले काही पदार्थ देत असतात. गुडघा दुखतोय हे जाणवून देण्यातही तेच पदार्थ असतात. गोळी त्यांनाच बंद करते. गुडघा गप्प बसतो आणि इकडे पोटाचा पहाराही उठतो."

मला पहिल्यांदा तो थर पटला. आई बोथट सुरीने खरवडायची तसं हे चूर्ण तिला आतून खरवडत होतं. कुणाचा हात त्यामागे आहे तेवढं शोधायचं राहिलं होतं, आणि माझ्या मते तेही शोधून झालेलं होतं.

"सकाळी चूर्ण घेताना काही खायच्या का त्या?" बाईंनी विचारलं.

"हो तर," मी म्हणाले. "नाश्ता ठेवून जाते मी. दुपारच्या दोन भाकरी, भाजी, सगळं झाकून ठेवते. संध्याकाळी ताट घासून पालथं घातलेलं असतं."

पलंगावरच्या आईने तोंड भिंतीकडे वळवलं. दमली असेल, असं मला वाटलं.

भावाला फोन करून मी सांगितलं, तू ये, पण तिला आणू नकोस. मग आईची लुगडी आणायला दुपारी घरी आले. गाय फाटकात उभी होती. पाण्याची बादली आणायला मी आत वळणार, तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. आजी कशा आहेत ते विचारलं, आणि मग गाईकडे बघून म्हणाल्या, "ही बिचारी सकाळपासून खोळंबलीय. आजी रोज या वेळेला दोन भाकरी घालतात ना तिला. भाजीसुद्धा चोपडून देतात."

मी फाटकाला धरून उभी राहिले. काकूंना वाटलं मला भोवळ आली, त्यांनी पाणी आणलं. आमच्या घराण्याने उपासतापास सोडून दोन पिढ्या झाल्या. चतुर्थी नाही, एकादशी नाही, उपाशी राहून कुणाचं भलं होत नाही असं आमच्याकडे पोरांना शिकवतात. त्या घरात माझी आई कित्येक महिने सकाळी बिनदुधाच्या चहाबरोबर चूर्ण घेऊन, कपडे धुऊन, रात्री जावई जेवून उठल्यावर काय ती चतकोर-अर्धी खात होती. मी दुधाच्या मापावर नजर ठेवणारी बाई. मला वहिनीचा संशय आला, गाडीवाल्याचा आला, गाईचासुद्धा आला. पालथ्या घातलेल्या ताटाचा आला नाही. मला आईचा भयंकर राग आला, आणि रडू त्या रागाच्या मागोमाग आलं.

दवाखान्यात परतले तेव्हा आई जागी होती. मी लुगडी खणात ठेवली आणि विचारलं, "भाकरी गाईला का घालत होतीस?"

"घरात कुनी नसताना लेकीच्या घरचं डबं उघडायचं," ती म्हणाली, "चोरल्यावानी वाटतं गं. पाव्हनं जेवायच्या आधी सासूनं जेवावं का? आमच्या आयनं तर लेकीच्या घरचं पानी पेलं न्हाई कधी. तू एवढं करून ठिवायचीस, तसंच ठिवलं तर तुला वाईट वाटंल. म्हनून गाईला."

"आणि ते चूर्ण?"

"गुडगं धरलं तर काम कसं हुनार? फुकट बसून किती दिस खायाचं लेकीचं?"

खात नव्हती ती, आणि फुकट खाण्याचा हिशेब मांडत होती. मी तिला म्हणाले की हे घर माझंही आहे, अर्धा हप्ता मी भरते, तुझ्या जावयाने आजवर तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढलेला नाही. ती म्हणाली, "न्हाई ना. लई चांगलं हायेत पाव्हनं." आणि डोळे मिटले.

रक्त पुन्हा सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, धोका बराचसा टळला, आता मऊ खायला द्या. मी घरून पेज करून आणली, साजूक तूप घालून. आईने दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "बास. पोट भरलं." आता मला ते खरं वाटेना. पण विचारू कशी? तोंडाने ती तेच म्हणणार होती.

दुपारी भाऊ पुन्हा आला आणि या खेपेला त्याच्या मागे वहिनी. नको म्हटलं होतं तरी आली होती. पदराखाली डबा होता. चूर्णावरून बोलायचं म्हणून मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण तिनेच आधी तोंड उघडलं. "गावाकडं मी आठवड्यातून एखाद्या बारीला द्यायचे, ताई. लई दुखलं तरच, अन जेवल्यावर. डबी माझ्याकडं असायची. तुमच्याकडं आल्यावर त्या सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागल्या, ते मला ठावं न्हवतं."

बाईंनी तिला समजावलं की जेवल्यावर घेतलं तरी ते विषच, आता घरात आणायचं नाही. वहिनीने मान डोलावली. तिचा चेहरा पडला होता. मी त्या चेहऱ्याकडे, दूधवाल्याकडे बघावं तसं, बराच वेळ बघत राहिले. त्यात मला काही सापडलं नाही.

तोवर आईने डोळे उघडले होते. वहिनीला पाहताच तिच्या कपाळावर आठी आली.

"किती उशीर केलास गं," ती खेकसली. "सकाळपासनं वाट बघतेय. भूक लागलीय मला."

"एस्टी उशिरा लागली, त्याला मी काय करू," वहिनी म्हणाली. "आन् असं चूर्न खात बसतीस व्हय, मला न सांगता? उठ, बस नीट."

"काय आनलंय?"

"मऊ भात. मुगाचं वरन."

"मीठ घातलंस का? मागल्या टायमाला अळनी केला हुतास."

वहिनीने तिला भिंतीला टेकवून बसवलं, टॉवेल गळ्याशी खोचला आणि भरवायला लागली. दोघी तक्रारी करत होत्या. डबा तळाला लागला तेव्हा आईने तो वाकडा करून आत पाहिलं आणि म्हणाली, "एवढाच आनलास?"

घरी सोडायच्या दिवशी कुठे जायचं हे आईला कुणी विचारलं नाही. भावाने गावच्या ओळखीची जीप आणली होती आणि ती त्यात जाऊन बसली. वहिनीने तिच्या गुडघ्यांवर गोधडी टाकली, आणि गोधडी नीट टाकली नाही म्हणून आई तिला बोलली. मी औषधं वहिनीच्या हातात दिली, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, ते सांगितलं.

"जेवली न्हाई तर मी सोडत न्हाई, ताई," वहिनी म्हणाली. "आमची रोज भांडनं हुतात त्याच्यावरनं."

जीप वळेपर्यंत मी उभी राहिले. आई माझ्याकडे दिवाळीपासून होती, आणि त्या सगळ्या दिवसांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, हे मी शाळेत सगळ्यांना अभिमानाने सांगत असे.